भरल्या गाडीचा मान

वरोऱ्याहून चंद्रपूरकडं येताना भद्रावती मागं पडली, की उजव्या लेनमध्ये दुभाजकाला जवळजवळ खेटून एक पांढरी वॅगन-आर चाललेली दिसेल. वेग चाळीस. कधी बेचाळीस झाला तर तो उताराचा दोष समजावा. मागच्या काचेत एक स्टीलचा चार पुडांचा डबा दिसेल. त्या गाडीला हॉर्न देऊ नका, डिप्परही मारू नका. उपयोग होत नाही. चालवणारा आरशात बघत नाही, कारण आरसा ही गाडी मागं घेताना बघायची वस्तू आहे आणि ते तर पुढं चाललेत. मुकाट्यानं डावीकडून काढा आणि जाता जाता नमस्कार करा. ते माझे सासरे आहेत.

आमच्याकडं सासऱ्याला मामाजी म्हणतात. हा खुलासा पुण्याकडच्या वाचकांसाठी.

मामाजी एकतीस वर्षं वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणीत, डंपरवर होते. त्यांना ड्रायव्हर म्हटलेलं चालत नाही. ड्रायव्हर ट्रकवर असतो, डंपरवर ऑपरेटर असतो. आपल्याला हा फरक शब्दांचा वाटतो, पण एकदा त्या यंत्राशेजारी उभं राहून बघावं. चाक माणसाहून उंच. बसायला दार उघडून चालत नाही, शिडी चढावी लागते. वर गेल्यावर दिसतं ते खाणीचं काळं भगदाड, त्यात वळणं घेत उतरणारा रस्ता आणि रस्त्याच्या कडेनं घातलेला मातीचा बांध. त्या बांधापलीकडं काही नसतं. म्हणजे असतं, पण बरंच खाली. एकतीस वर्षं त्या कडेनं शंभर टन ओझं वाहून मामाजींनी एकदाही बांधाला चाक लावलं नाही. मागच्या काचेतला डबा त्याचाच. सुरक्षा पंधरवड्यात मिळालेला. त्यात कधी भाजी भरली गेली नाही. तो पदकासारखा काचेत असतो आणि खड्ड्यात वाजतो.

माणूस इतका सावध, मग उजवी लेन का सोडत नाही? लग्नानंतरची पहिली चार वर्षं मी हा हट्ट समजत होतो. नागपूरहून आलेल्या जावयाला चंद्रपूरकरांचं सगळंच हट्ट वाटतं. मग एका उन्हाळ्यात, बाहेर सत्तेचाळीस अंश तापलेलं आणि आत कूलरची घरघर चाललेली असताना, मामाजींनी चहाच्या बशीवर बोट फिरवून मला सांगितलं.

“डंपरची केबिन कोन्या बाजूले राह्यते, सांगा बरं?”

मी उजवी म्हणालो.

“डावी. अन् चालायचं बी डाव्या बाजूनं. म्हन्जे बांध डोळ्याच्या खाली. काठ दिसला तं मानूस वाचते, जावईबापू. आता कारमधी मी कुठं बसून राह्यलो? उजवीकडं. मंग काठ कोनता? डिव्हायडर!”

यावर काय बोलणार? ज्या डोळ्यांनी आयुष्यभर आपल्या बाजूचा काठ धरून माणसं घरी आणली, ते डोळे निवृत्तीनंतर नवा काठ शोधत होते आणि सरकारनं तो फुलझाडं लावून रस्त्याच्या मधोमध बांधून ठेवला होता. डाव्या लेनमध्ये गेलं की मामाजींच्या डोळ्यांखाली फक्त सपाट डांबर येतं. त्यांना ते कठड्याशिवायच्या गच्चीसारखं वाटतं.

पण काठ हे अर्धंच प्रकरण. उरलेलं अर्धं ओझ्याचं.

खाणीतल्या रस्त्यावर रिकामा डंपर भरलेल्याला वाट देतो. साहेबाची जीप दोघांनाही देते, आणि आपण चिरडले जाऊ नये म्हणून उंच काठीला झेंडी बांधून फिरते. तिथं साहेबाचा हुद्दा चालत नाही, वजन चालतं. हा कायदा मामाजींना इतका पटलेला आहे, की निवृत्त होताना शाल-श्रीफळाबरोबर तोही त्यांनी घरी आणला. गाडीत एकटे असले तर मामाजी स्वतःला ‘रिकामे’ समजतात. मग खर्रा घोटून घ्यायला पानठेल्यावर जाताना ते सायकलला वाट देतात, शेळीला देतात, एकदा तर उभ्या ऑटोलाही दिली होती. मामीजी शेजारी बसल्या की ते ‘लोडेड’ होतात. आम्ही दोघं मागं बसलो आणि डिकीत तांदळाचं पोतं पडलं, की मग विचारूच नका. पोतं बहुतेक वेळा एचएमटीचं. याच जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाच्या शेतकऱ्यानं हे वाण शोधलं आणि तेव्हा घरोघरी असलेल्या घड्याळाचं नाव त्याला दिलं. घड्याळाच्या नावाचा तांदूळ डिकीत असूनही आम्ही कुठंच वेळेवर पोचत नाही.

एकदा अशा भरल्या अवस्थेत आमच्या मागं एक खासगी बस लागली. ताडाळीच्या अलीकडून तिनं जो हॉर्न धरला तो सोडेचना. अखेर मामीजी म्हणाल्या, “देऊन टाका ना जी त्याले साइड.”

“आपन लोडेड आहो.”

“मंग मीच उतरतो खाली. व्हा रिकामे.”

मामाजींनी यावर खरोखर विचार केला. स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून ते दोन मिनिटं हिशेब करत होते. तेवढ्यात बस डावीकडून निघून गेली.

खाणीतली तिसरी चीज हॉर्नची. एक म्हणजे इंजिन चालू करतोय, दोन म्हणजे पुढं जातोय, तीन म्हणजे मागं येतोय. घराच्या फाटकातून वॅगन-आर बाहेर काढताना हे सगळं क्रमानं होतं. पहाटे साडेपाचला झालं तर गल्लीतल्या सगळ्यांना कळतं, की मामाजी आता पुढं जात आहेत. एका शेजाऱ्याचं पोर त्यावरून आकडे शिकलं म्हणतात. हे मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही.

मी कायद्यानं भांडून पाहिलं. मोबाइलवर २०१७ चे वाहनचालनाचे विनियम काढले. डावीकडून चालावं, उजवीकडून ओव्हरटेक करावं, हे वाचून दाखवलं. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १७७-अ आलं, रस्त्याचे विनियम मोडले तर पाचशे ते हजार रुपये दंड, तेही वाचलं. मामाजींनी खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

“मले आजवर एक तरी चालान आलं का?”

आलं नव्हतं. कसं येणार? आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कॅमेऱ्याला मुख्यतः वेग कळतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आता लेन तोडणाऱ्यालाही यंत्र पकडतं, पण ते दिवस वरोरा रोडवर यायचे आहेत. जोरात गेलास, घे पावती. हळू गेलास, जा बापा. उजव्या लेनमध्ये चाळीसनं जाणारी गाडी त्या कॅमेऱ्याला साधुपुरुष वाटत असावी. चालान न येणं म्हणजे सरकारची मूक संमती, असा मामाजींनी अर्थ काढला होता, आणि मूक संमतीवर आपल्याकडं याहून मोठमोठे कारभार चालतात.

“आता तुमी डाव्या लेनमधून चला,” ते म्हणाले, “मी बाजूले बसतो. पाहू.”

तो प्रवास मी विसरणार नाही. नोव्हेंबरचा शेवट होता. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये समोरून, म्हणजे आमच्याच लेनमध्ये समोरून, मोटरसायकलवर तिघं आले. पुढचं दुभाजकाचं तोंड दीड किलोमीटरवर असल्यानं त्यांनी हा मार्ग पत्करला होता आणि आम्ही त्यांच्या वाटेत आल्याबद्दल मधल्यानं हात हलवून आम्हाला माफही केलं. पुढं कोळशाचा एक हायवा बंद पडलेला. मागं त्रिकोणी पाटी वगैरे काही नाही. पळसाची एक फांदी तोडून टाकलेली आणि तिच्यावर तीन दगड. पुढं लेनच्या निम्म्या रुंदीत धान वाळत घातलेलं, भोवती पुन्हा दगड, आणि राखणीला बसलेली आजी. ती आमच्याकडं अशी बघत होती, जणू आम्ही तिच्या ओसरीवर गाडी घातली. मग मागचा लाल दिवा नसलेला ट्रॅक्टर. मग पानठेला, आणि त्याच्यापुढं लेनमध्येच उभ्या चार गाड्या, कारण खर्रा घोटायला वेळ लागतो. शेवटी म्हशी. पण म्हशी डाव्या लेनमध्ये नव्हत्या. त्या उजवीकडं, दुभाजकातलं गवत खात, दुभाजकाला खेटून, आपल्या चालीनं चालल्या होत्या.

मामाजींनी म्हशींकडं बोट केलं. बोलले काही नाहीत.

इथं वाचकाला वाटलं असेल, आता वाघ येणार. चंद्रपूरचा लेख आहे, वाघाशिवाय कसा संपेल? नाही येणार. मूल रोडच्या जंगलात अनेकांना दिसतो, मला दिसलेला नाही. पण वाघावरून मामाजींचं एक मत आहे ते सांगायला हवं. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण पाच बछडे घेऊन चालली असताना पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्हीकडून तिची वाट अडवली. चित्रफीत गावभर फिरली. चालकांना आणि गाइडना दंड झाला, निलंबन झालं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. बातमी वाचून मामाजी पेपर आपटून म्हणाले, “पाच पिलं होते ना तिच्यासंगं? लोडेड होती ते! रस्ता तिचाच होय!” खंडपीठाला हा मुद्दा सुचला की नाही माहीत नाही. सुचायला हवा होता.

चंद्रपूर शहरात शिरलं की लेन हा विषय संपतो. जटपुरा गेट गोंड राजांच्या परकोटाचं. वर हत्तीवर स्वार झालेला सिंह कोरलेला आहे. हे गोंड राजांचं राजचिन्ह, असं जाणकार सांगतात. मामाजींच्या मते तो ओव्हरटेकचा धोका दाखवणारा फलक आहे. कमानीखाली बस, ऑटो, मोटरसायकल आणि फुगेवाला एकाच वेळी शिरतात. कोण कोणाच्या उजवीकडं हे कोणालाच सांगता येत नाही. तिथं मामाजी खूश असतात. दोन्ही बाजूंना काठ!

खरे मामाजी मला दिसले ते मात्र गडचिरोली जिल्ह्यात. मामीजींच्या भाचीचं लग्न होतं, आलापल्लीला. एप्रिलचे दिवस. बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी करत आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली, की चारपदरी रस्ते, दुभाजक, फुलझाडं ही सगळी श्रीमंती मागं राहते. पुढं सागाचं जंगल आणि मधून एकच डांबरी पट्टी. तिच्यावरून सुरजागडच्या खाणीतलं लोहखनिज भरून ट्रकांची रांग सामोरी येते. रस्त्याकडेच्या सागाच्या पानांवर लाल धूळ बसलेली. मी दार घट्ट धरलं. आम्ही पाच जण, वर आहेराची भांडी, म्हणजे मामाजींच्या हिशेबानं पुरते लोडेड. आता हा माणूस चाळीसनं मधोमध चालणार आणि पुढं लग्नाऐवजी भलतंच काही होणार, असं मला वाटलं.

झालं उलटंच. पहिला ट्रक दिसला तसे मामाजींनी लांबूनच एक डिप्पर दिला, डावीकडची दोन चाकं अलगद साइडपट्टीवर उतरवली आणि थांबले. ट्रक गेला. जाताना ट्रकवाल्यानं खिडकीतून चार बोटं दाखवली, मामाजींनी चार बोटं उचलली. दुसरा रिकामा येत होता. मामाजी हलले नाहीत. तो रिकामा ट्रक, तुम्ही विश्वास ठेवा न ठेवा, आपला वेग पाडून कडेला गेला. मी विचारलं, त्याला कसं कळलं?

“खदानीचा मानूस होय तो. त्याले लोड समजते.”

सगळे रिकामे ट्रक असे वागले नाहीत, हेही सांगतो. दोघांनी आम्हाला धुळीत घातलं आणि मामाजींनी त्यांना जे म्हटलं ते इथं छापण्यासारखं नाही. झाडीबोलीत ते फार गोड वाटतं एवढंच. पण त्या पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये मला कळून चुकलं, की या माणसाला वाहतुकीचा नियम नाही असं नाही. एकच आहे, आणि तो ते पांढरे पट्टे मारलेल्या रस्त्यावर घेऊन येतात, तिथं तो कोणाला ठाऊक नसतो.

एका वळणावर मोहाची झाडं होती. खालचा पाचोळा जाळून जमीन साफ केलेली, म्हणजे पडलेली फुलं वेचायला बरी. दोन बाया डोक्यावर टोपल्या घेऊन रस्ता ओलांडायला उभ्या होत्या. गाडी बघून थबकल्या. मामाजींनी ब्रेक मारला. मागं एक जीप होती, तिनं कचकचून हॉर्न दिला. मामाजींनी हात बाहेर काढून तिला थोपवलं आणि बायांना म्हणाले, “या जी, या तुमी पयले.”

मी म्हटलं, “मामाजी, आपण पण लोडेडच आहोत ना?”

“आपलं चाकावर आहे,” ते म्हणाले. “त्यायचं डोक्स्यावर आहे.”

त्यानंतर उजव्या लेनवरून मी त्यांच्याशी भांडलो नाही. गोष्ट इथं थांबवली असती तर मामाजी फार थोर ठरले असते. पण समृद्धी महामार्ग आडवा आला.

मामीजींचा शिर्डीचा नवस होता. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, त्याला बराच काळ लोटला होता. माझ्या गाडीचं काम निघालं म्हणून आम्ही मामाजींचीच वॅगन-आर काढली. मी चालवायचं ठरलं. शिवमडक्याला वर चढलो आणि मामाजी सरसावून बसले. एका बाजूला तीन लेन. कारला १२० ची मर्यादा. दुचाकीला बंदी, ऑटोला बंदी. त्यांनी डाव्या लेनकडं बघितलं. तिथं धान नव्हतं. आजी नव्हती. फांदी, दगड, ट्रॅक्टर, पानठेला, काहीच नव्हतं. वीस किलोमीटर त्यांनी वाट बघितली.

“हा रस्ता नोहे बापा,” ते म्हणाले. “हे तं फरशी होय.”

आणि चक्क झोपले. ज्या माणसानं तीन पाळ्यांत डोळा लागू दिला नाही तो कारंज्याच्या अलीकडं घोरायला लागला. डबा वाजेना म्हणून झोप लागली, असं मामीजींचं मत पडलं. मी मधली लेन धरली. रस्ता असा, की वेग वाढलेला कळत नाही. काटा १२० च्या पुढं कधी गेला हे मला समजलं नाही, हीच माझी बाजू. शिर्डी झाली, नवस फिटला, आलो.

आठ दिवसांनी मामाजींचा फोन. आवाज खाणीच्या तळातून आल्यासारखा.

“जावईबापू, चालान आलं.”

अतिवेगाचं. दोन हजार रुपये. मी शरमलो. म्हटलं, चूक माझी, आत्ता भरतो. हवं तर थांबू, ई-चालानं लोकअदालतीतही घेतात, तिथं काही कमी होतं का बघू. ते म्हणाले, पैशाचं सोडा, तुम्ही या. मला वाटलं, एकतीस वर्षांच्या कोऱ्या पाटीवर माझ्या पायानं डाग पडला, आता मामीजींसमोर काय तोंड दाखवू? शनिवारी पोचलो. मामाजी घरात नव्हते. जटपुरा गेटजवळ वाहतूक पोलीस उभा असतो, त्याच्यासमोर मोबाइल धरून उभे होते. त्यांना तिथं उभं राहून अर्धा तास तरी झाला असावा, कारण पोलिसाच्या हातात मामाजींचाच खर्रा होता.

पोलिसानं चालानाचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. नंबर एमएच-३४ चा स्वच्छ दिसत होता. मागच्या काचेत डबाही दिसत होता.

“गाडी तुमचीच आहे ना, काका?”

“माहीच आहे.”

“मग स्पीड कबूल नाही का?”

“स्पीड कबूल आहे जी. ते जवाईच होते स्टिअरिंगवर.” त्यांनी माझ्याकडं न बघता अंगठा केला. मग त्यांनी पडद्यावर, गाडीच्या दोन्ही बाजूंना रिकाम्या पसरलेल्या डांबरावर बोट ठेवलं. “पन पाहा ना, गाडी कुठं आहे ते. मधात आहे. ना या काठाले, ना त्या काठाले.”

पोलीस गोंधळला. “त्याचा फाइन नाही लागत, काका. दोन हजार भरा, मिटलं.”

“भरतो. आत्ताच भरतो,” मामाजी म्हणाले. त्यांनी शर्टाच्या खिशातून पाचशेच्या चार नोटा काढल्या, मोजल्या आणि आवाज खाली आणला. “फक्त हा फोटो जरासा उजवीकडं सरकवून भेटंल का?”